होडीतील कप्प्याच्या झाकणाची कडी : मोडण्याची कारणे व दुरुस्ती

कोकणच्या किनाऱ्यावर सातपाटीपासून मालवणपर्यंत लहान होडीवर उदरनिर्वाह करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांची थोडीबहुत भातशेतीही असते. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. तेव्हा पाण्याच्या पंपाच्या निगेची माहिती जशी शेतकऱ्यास हवी, तशी होडीच्या निगेचीही हवी. यंत्र, जाळे आणि होडीचा तळ ह्यांकडे होडीवाल्याचे लक्ष असतेच. दुर्लक्ष होते ते लहानसहान वस्तूंकडे. कप्प्याच्या झाकणाची कडी ही त्यांतलीच एक होय.

लहान फायबरच्या होडीत साधारणपणे नाळेकडे एक आणि मागे यंत्राजवळ एक असे दोन बंद कप्पे असतात, व मधे मासळी आणि बर्फ ठेवण्याचा खण असतो. पुढच्या कप्प्यात दोर व जीवरक्षक जाकिटे, तर मागच्या कप्प्यात इंधनाची टाकी व हत्यारे ठेवण्याची वहिवाट आहे. कडी मोडली म्हणजे झाकण सुतळीने बांधतात, किंवा त्यावर एखादा दगड ठेवतात. खाडीच्या संथ पाण्यात हे चालून जाते. परंतु खाडीच्या मुखाशी जेथे लाटा फुटतात तेथे होडीची नाळ वर उचलली जाऊन खाली आपटते. अशा वेळी दगड घसरतो, झाकण उघडे पडते, आणि पुढची लाट सरळ कप्प्यात शिरते.

कप्प्यात पाणी शिरणे म्हणजे काय, ह्याचा हिशेब एकदा करून पाहावा. ९० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर खोल असा कप्पा घेतला, तर त्यात सुमारे २४३ लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असल्यामुळे त्याचे वजन अडीचशे किलोच्या जवळपास भरते. म्हणजे चार माणसे एकदम नाळेवर येऊन बसल्यासारखे होते. शिवाय माणसे बसल्या जागी बसतात, पाणी बसत नाही. होडी ज्या अंगाला कलेल त्याच अंगाला ते धावते आणि कल आणखी वाढवते. अर्धा भरलेला कप्पा ह्याच कारणाने धोक्याचा असतो. नाळ जड झाली की ती लाटेवर वेळेत उचलली जात नाही, आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा अधिक पाणी आत घेऊन येते. बंद कप्प्यातील हवा हाच होडीच्या तरंगण्याचा राखीव साठा आहे, आणि त्या साठ्याचे दार चार बोटे लांबीच्या एका कडीने धरून ठेवलेले असते.

मासळीच्या खणाचे झाकण उघडे राहिल्यास जीव जात नाही, पण नुकसान होतेच. आपल्याकडील उष्ण हवेत एक किलो मासळीस सुमारे एक किलो बर्फ लागतो असे धरतात. झाकण बोटभर उचललेले राहिले तरी बाहेरची गरम हवा सतत आत जाते व बर्फ मासळी गार करण्याऐवजी हवा गार करण्यात वितळून जातो.

कडी का मोडते?

मोडलेली कडी काढून तशीच नवी कडी त्याच भोकांत बसवली, म्हणजे दुरुस्ती झाली असा सर्वसाधारण समज आहे. पण अशी नवी कडीही लवकरच मोडते, आणि दोष मात्र दुकानदारास दिला जातो. वस्तुतः कडी क्वचितच आपल्या दोषाने मोडते. तिच्यावर जो भार पडू नये तो पडतो, म्हणून ती मोडते. सबब नवी कडी आणण्यापूर्वी जुनी कशी मोडली हे पाहणे हे दुरुस्तीचे पहिले काम होय.

प्रथम बिजागरी पाहावी. झाकण अर्धे उघडून ते डावी-उजवीकडे हलवावे. बिजागरीची खिळी झिजली असेल तर झाकण तीन-चार मिलिमीटर सरकते, आणि कडीचे टोक कोयंड्यात सरळ न जाता तिरके जाते. मग खलाशी ते पायाने दाबून बसवतो. अशा दाबाने कडी रोज थोडी थोडी वाकते व एके दिवशी तुटते. येथे बदलावयाची ती बिजागरी.

लाकडी झाकणाची गोष्ट निराळी. पाणी पिऊन ते फुगते, चौकटीत अडते आणि कडीने ओढून बसवावे लागते. त्याच्या कडा रंध्याने किंचित तासून चारी बाजूंस फट ठेवावी व तासलेल्या कडांना लगेच रंग द्यावा, कारण उघडे लाकूड पुन्हा पाणी पिते. झाकण पिळवटले असेल तर खालच्या अंगास दोन आडव्या पट्ट्या ठोकल्याशिवाय कोणतीही कडी त्यावर टिकणार नाही.

आणखी एक कारण सर्वत्र आढळते. झाकण उचलण्यासाठी मूठ नसते, म्हणून कडीलाच धरून ते उचलतात. कडी दाबून धरण्यासाठी केलेली असते, वजन उचलण्यासाठी नव्हे. झाकणाला दोन भोके पाडून त्यांतून जाड दोराची मूठ ओवली, तर कडीचे आयुष्य सहज वाढते. ही भोके झाकणाच्या कडेच्या, म्हणजे रबरी पट्टीच्या, बाहेरच्या अंगास पाडावीत. नाही तर त्यांतूनच पाणी आत जाईल.

धातूची पारख

समुद्राच्या पाण्यात धातू कसा वागतो, हे कळल्याशिवाय कडीची निवड करता येत नाही. साधे लोखंड, मग त्यावर चकचकीत मुलामा असला तरी, होडीवर टिकत नाही. मुलाम्याला एक ओरखडा पडला की तेथून गंज आत शिरतो. पितळ गोड्या पाण्यावर उत्तम. उजनीसारख्या जलाशयावरील होडीस पितळी कडी बेलाशक लावावी. खाऱ्या पाण्यात मात्र पितळातील जस्त हळूहळू निघून जाते व मागे तांब्याचा पोकळ सांगाडा राहतो. पितळी स्क्रूचा पिवळा रंग जाऊन तो गुलाबी-तांबूस दिसू लागला, तर त्यात दम राहिलेला नाही असे समजावे. असा स्क्रू पेचकसाच्या पहिल्याच पिळाला तुटतो.

आज बाजारात बहुतेक कड्या ‘स्टेनलेस’ म्हणून विकल्या जातात, पण सर्व स्टेनलेस पोलाद एकच नव्हे. ३०४ क्रमांकाच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ क्रमांकात ह्यांखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि मिठाच्या पाण्याशी झुंज देण्याची त्याची ताकद त्यामुळेच वाढते. होडीसाठी शक्य तर ३१६ घ्यावे. २०० च्या मालिकेतील स्वस्त पोलाद घरातील भांड्यांना ठीक असते, परंतु खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग लवकर उमटतात. चुंबक लावून पारख करण्याची पद्धत रूढ आहे. तिचा उपयोग मर्यादित आहे हे ध्यानात ठेवावे. चुंबक घट्ट चिकटला तर ती कडी होडीच्या कामाची नाही असे धरण्यास हरकत नाही. पण न चिकटल्याने ती ३१६ च आहे असे ठरत नाही, कारण २०० मालिकेचे पोलादही चुंबकाला ओढत नाही. शिवाय पुष्कळ कड्यांत पत्रा चांगला असतो आणि आतील चाप किंवा रिबिट मात्र साध्या पोलादाचे. मोडलेली कडी नीट निरखली तर बहुधा ती तेथेच मोडलेली दिसते. म्हणून ज्या कडीत चाप मुळीच नाही, अशी साधी कडी होडीवर अधिक भरवशाची.

दोन भिन्न धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात भिजले म्हणजे त्यांपैकी एक दुसऱ्यासाठी झिजतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचा स्क्रू घातला असता स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. ती अ‍ॅल्युमिनियमचीच राख म्हणावयाची. भोक मोठे होते आणि चांगला स्क्रू हातात निघून येतो. अशा ठिकाणी स्क्रूखाली नायलॉनचा वायसर व भोकात नायलॉनची नळी घालून दोन्ही धातू एकमेकांपासून वेगळे ठेवावेत.

जुनी कडी काढणे व भोके दुरुस्त करणे

दुरुस्तीस लागणारी हत्यारे गावच्या सुताराकडेही असतात : पेचकस, पक्कड, पाना, गिरमिट, कानस, घासकागद व एक वाकवलेला खिळा. काम होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना, सावलीत व कोरड्या दिवशी करावे.

हत्यार हातात घेण्यापूर्वी कप्पा पूर्ण रिकामा करावा. त्यात इंधनाची टाकी असेल तर ती बाहेर काढून दूर ठेवावी आणि कप्पा बराच वेळ उघडा टाकावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. टाकी काढल्यावरही ती कप्प्याच्या तळाशी साचून राहते आणि विजेच्या गिरमिटाची एक ठिणगी तिला पुरते. ही सूचना वाचून सोडून देण्याजोगी नाही.

अडकलेला स्क्रू एकदम जोर लावून फिरवू नये. प्रथम थोडा आवळण्याच्या दिशेने व मग सैल करण्याच्या दिशेने, असा आलटून पालटून हलवावा. डोके तुटून शेंडा आतच राहिला, तर तो उकरण्यात झाकणाचा सत्यानाश करण्यापेक्षा कडी दोन बोटे बाजूस सरकवून बसवणे शहाणपणाचे ठरते.

आता फायबरच्या झाकणातील खरा रोग पाहावा. बाहेरून ते एकसंध दिसते, परंतु पुष्कळ झाकणांत फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये प्लायवूड घातलेले असते. कडी बसवताना पाडलेली भोके कोणी बंद करीत नाही. त्यांतून पाणी थेंबथेंब आत मुरते, प्लायवूड कुजते, आणि स्क्रूला धरण्यास आत काही उरत नाही. पेचकसाच्या मुठीने झाकणावर ठोकून पाहावे. जेथे टणक आवाज येतो तेथे आतील लाकूड शाबूत आहे. जेथे भद आवाज येतो तेथे ते कुजले आहे. भोकातून काळसर पाणी किंवा ओला भुसा निघाल्यास शंकेचे कारणच उरत नाही.

कुजलेला भाग तळहाताएवढा किंवा त्याहून कमी असेल तर घरच्या घरी दुरुस्ती होते. वाकवलेल्या खिळ्याचे टोक भोकात घालून चारी बाजूंनी कुजके लाकूड उकरून काढावे. मग भोक गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे, कारण आत मीठ राहिले तर ते हवेतील ओल धरून ठेवते. झाकण काढून काही दिवस उन्हात वाळवावे. येथे घाई करणाऱ्याचे सर्व श्रम वाया जातात. ओल्या लाकडाला राळ चिकटत नाही. पूर्ण वाळल्यावर खालच्या बाजूचे भोक चिकटपट्टीने बंद करून वरून इपॉक्सी राळ भरावी. ही राळ दोन भागांत मिळते. त्यांचे प्रमाण डब्यावर दिल्याप्रमाणे मोजूनच घ्यावे, अंदाजाने नव्हे. लवकर घट्ट व्हावी म्हणून दुसरा भाग जास्त घालण्याची चाल आहे. तिने राळ कायमची मऊ राहते. उन्हाळ्यात ती भांड्यातच तापून घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी थोडीच कालवावी. हातमोजे घालावेत. होडी बांधताना वापरतात ती पॉलिएस्टर राळ स्वस्त असली तरी जुन्या फायबरवर व लाकडावर इपॉक्सीइतकी धरत नाही. एवढ्याशा कामात ती बचत करू नये.

एक दिवस राळ पक्की होऊ द्यावी व नंतर तिच्या मध्यातून स्क्रूच्या मापाचे नवे भोक पाडावे. आता भोकाच्या सर्व बाजूंनी राळेची भिंत आहे. पाणी आले तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. झाकण नवे असले व काहीच कुजलेले नसले तरीही हीच रीत योग्य : आधी मोठे भोक, ते राळेने भरणे, आणि मग त्यात लहान भोक. काम एका दिवसाने वाढते, पण पुढची कित्येक वर्षे झाकण उघडून पाहावे लागत नाही.

कुजलेला भाग ह्याहून मोठा असल्यास भोके भरून भागणार नाही. आतील थर कापून नवे प्लायवूड घालावे लागते, आणि ते काम होडी बांधणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

नवी कडी बसवणे

स्क्रूपेक्षा आरपार जाणारा नट-बोल्ट केव्हाही चांगला. स्क्रू फक्त आपल्या आट्यांनी धरतो, तर बोल्टचा भार झाकणाच्या दोन्ही बाजूंवर पसरतो. नटाखाली नुसता वायसर न घालता कडीच्या मापाची एक जाड पट्टी घालावी, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. स्टेनलेसच्या बोल्टच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे. कोरडा आवळला तर हा नट मध्येच असा जाम होतो की पुढे बोल्ट कापूनच काढावा लागतो. कडीच्या पाठीमागे पॉलियुरेथेनचा लेप द्यावा, नट प्रथम हलका आवळून लेप सुकू द्यावा व नंतर शेवटचा पीळ द्यावा.

भोक पाडताना गिरमिटाच्या पात्याला झाकणाच्या जाडीच्या खुणेवर चिकटपट्टी गुंडाळावी. पाते किती आत गेले हे त्यावरून कळते, आणि खालची तार किंवा इंधनाची नळी भोसकली जात नाही.

कडीचा मुख्य भाग झाकणावर पक्का केल्यावरच कोयंड्याची जागा ठरवावी. पुष्कळ जण दोन्ही भाग मापाने एकदम बसवतात आणि मग कडी ढिली राहते. रबरी पट्टी आपल्या जागी असताना एकाने झाकण तळहातांनी दाबून धरावे व दुसऱ्याने कोयंड्याची जागा पेन्सिलीने आखावी. प्रथम एकाच बोल्टवर कोयंडा लावून कडी उघडबंद करून पाहावी. रबर आपल्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके दबले म्हणजे पुरे. त्याहून अधिक दाबल्यास रबर कायमचे चपटे होते व कडीवर विनाकारण ताण राहतो. तरफेची कडी असल्यास तिचा दांडा शेवटी किंचित जोराने, पण एका हाताने मिटला पाहिजे. दोन हात लागत असतील तर कोयंडा एक-दोन मिलिमीटर सरकवावा.

रुंद झाकणाला मधोमध एक कडी पुरत नाही, कारण दोन्ही कोपरे उचललेले राहतात. तेथे दोन कड्या लावाव्यात.

काम झाल्यावर चौकटीच्या कडेला खडू फासून झाकण लावावे व पुन्हा उघडावे. रबरावर खडूची अखंड रेघ उमटली तर बसणी बरोबर आहे. जेथे रेघ तुटली असेल तेथून पाणी येईल. शेवटी आत कोरडा कागद पसरून झाकणावर चार बादल्या पाणी जोराने ओतावे आणि कागद पाहावा.

समुद्रात कडी मोडल्यास

प्रत्येक होडीत दोन हात नायलॉनचा दोर व ट्रकच्या जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी ठेवावी. ट्यूबची पट्टी ओढून बांधली असता तिचा ताण कायम राहतो. सुतळी भिजली, झिजली की ढिली पडते, तसे हिचे होत नाही. पट्टी बांधण्यासाठी झाकणाच्या दोन्ही बाजूंस एकेक मजबूत आकडा आधीच बसवून ठेवलेला असावा. आकडे नसतील तर ऐन वेळी पट्टी कशाला बांधावी, हा प्रश्न पडतो. काही तांडेल कडी शाबूत असतानाही वरून अशी पट्टी लावतात. तो सावधपणा अनुकरणीय आहे.

कप्प्यात पाणी गेल्याचा संशय आल्यास झाकण लाटेच्या तोंडावर उघडू नये. होडी आडोशास आणावी, माणसांनी मागे सरकावे आणि मग पाणी उपसावे.

कुलुपाविषयी एक स्पष्ट सूचना आवश्यक आहे. किनाऱ्यावर चोरीच्या भीतीने कडीला कुलूप लावणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या कप्प्यात जीवरक्षक जाकिटे आहेत त्याचे कुलूप होडी पाण्यात लोटण्यापूर्वी काढलेच पाहिजे, आणि ती कडी अंधारात, ओल्या हाताने, एकट्या माणसाला उघडता आली पाहिजे. त्याहून बरे म्हणजे जाकिटे अंगावर घालणे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी होडी पाहण्यास गेल्यावर इतर चौकशीआधी घरातील एखाद्या मुलाकडून ती कडी डोळे मिटून उघडवून पाहावी. होडीवाल्याला जे सांगावयाचे ते त्या प्रयोगातच सांगून होते.

निगा

फेरीहून परतल्यावर कडी व बिजागरी तांब्याभर गोड्या पाण्याने धुवावी. स्टेनलेस पोलादही रबराखाली किंवा ओल्या फडक्याखाली हवेवाचून कोंडले गेले तर त्यावर खड्डे पडतात. म्हणून होडी किनाऱ्यावर असताना कडी सोडून झाकण किंचित उघडे ठेवावे. रबरालाही त्यामुळे विसावा मिळतो. फिरत्या भागांना महिन्यातून एकदा ग्रीस द्यावे, पण ते रबरी पट्टीला लागू देऊ नये, कारण खनिज तेलाने रबर फुगून सुटते. पावसाळ्यात होडी ओढून ठेवण्यापूर्वी सर्व बोल्ट एकदा पान्याने तपासावेत. जो बोल्ट फिरतच राहतो त्याच्याखालचे लाकूड गेलेले असण्याचा संभव फार. त्याच्याभोवती ठोकून आवाज ऐकावा व शंका आल्यास ते झाकण पावसापूर्वीच्या उन्हात वाळत घालावे.